इंजिन चालू होतं

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप आईने मंगळवारी दुपारी दिला. मी मागच्या पायरीवर शेजारणीचा मिक्सर खोलून बसले होते. ती हात पुसत बाहेर आली, माझ्यासमोर टेकली आणि बक्षीस जाहीर करावं तशा आवाजात म्हणाली, "अगं, धाकट्याचा फोन होता. त्याच्या नव्या कंपनीत मेकॅनिक हवाय. ताईला विचार म्हणाला. म्हणाला, माझ्या हेलिकॉप्टरला दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून म्हणाली, "बघ, त्याच्या मनात काही नाही." मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तो हातात राहिला असता तर त्या मिक्सरचं काही खरं नव्हतं. तीन दिवस झाले, ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. त्याच्या मनात काही नाही. म्हणजे तू मला माफ केलंस. मोठ्या मनाने, फोनवरून, आईच्या हाती निरोप देऊन. वर 'प्रिय' लिहिलंय ते सवयीने लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस.

तू गेल्यापासून इथे काय चाललंय ते आई तुला सांगत असेलच, पण ती तुला रुचेल तेवढंच सांगते. इथल्या कंपनीच्या मालकांनी मला 'अपघाताचा तपास पूर्ण होईपर्यंत' घरी बसवलंय. माझं हत्यारांचं कपाट सील केलं, आणि माझ्या जागी जो आलाय तो माझंच स्टूल वापरतो असं कळलं. सोळा आठवडे मी घरात आहे. गल्लीतले मिक्सर, पंखे, शिवणयंत्रं माझ्याकडे येतात. लोक चांगले आहेत, पण वस्तू परत नेताना माझ्यासमोर एकदा चालू करून बघतात. पूर्वी बघत नव्हते. आईचं तर विचारूच नकोस. मी चहा करून गॅस बंद केला की पाचच मिनिटांत काहीतरी निमित्त काढून ती आत जाते आणि बटण चाचपून येते. माझं लक्ष नाही असं तिला वाटतं. बावीस वर्षं इंजिनं खोलण्या-जोडण्यात घालवलेल्या बाईच्या मागून तिची आई गॅसचं बटण तपासते. तिने मला एका शब्दाने दुखावलेलं नाही. उलट सगळ्यांना सांगते, तिचा तरी काय दोष, कामाचा ताण केवढा, एखादी गोष्ट राहून जाते. अशी ती मला गल्लीभर माफ करत फिरते. चिडली असती तर परवडलं असतं.

यात माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही. तुला सवय मीच लावली. बाबांच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला आलेली ती लाल मोटारसायकल आठवते? गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी तू ती न विचारता बाहेर काढलीस आणि फाटकाच्या खांबाला घासून आणलीस. टाकीवर वीतभर ओरखडा. तू बारा वर्षांचा होतास, हनुवटी थरथरत होती. मी सोळाची. मी बाबांना सांगितलं, माझ्या हातून पाना घसरला. त्यांनी मला महिनाभर गॅरेजची पायरी चढू दिली नाही. माझ्यासाठी ती केवढी शिक्षा होती हे तुला ठाऊक होतं. आणि तो महिनाभर तू रोज संध्याकाळी माझ्या जागेवर उभा राहून बाबांना पाने काढून देत होतास. बाबा म्हणायचे, पोरगा हुशार आहे. तेव्हा मला राग आला नाही. मला वाटलं, लहान आहे. नंतरही तू जिथे जिथे अडकलास तिथे तिथे मला हेच वाटत गेलं, लहान आहे. आता तू अडतीस वर्षांचा आहेस. आणि हो, लोकांना वाटतं मला पायलट व्हायचं होतं, तू झालास म्हणून माझ्या पोटात दुखतं. मला कधीच उडायचं नव्हतं. मला यंत्र जमिनीवर, झाकण उघडं असलेलं आवडतं. तू उडवावंस आणि मी ते नीट करून द्यावं, यात मला काही कमीपणा वाटत नव्हता. बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही. तुला न सांगता कळायचं, निदान मी तसं समजून होते.

त्या बुधवारी साडेनऊला तू डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना घेऊन निघालास. दर आठवड्याची तीच फेरी. डोंगरापलीकडचा दवाखाना, शेजारी शाळेचं मैदान, बाई तिथे उतरणार, दिवसभर पेशंट तपासणार आणि चारला तुझ्याबरोबर परत येणार. दोनच दिवस आधी, सोमवारी, मी त्या मशीनची, दर शंभर तासांच्या उड्डाणानंतर करायची ती तपासणी करून वहीत सही केली होती. सव्वादहाच्या सुमाराला हँगरमधला फोन वाजला. शाळेतल्या शिक्षकाचा होता. हेलिकॉप्टर उतरता उतरता पडलं, दोघंही जिवंत आहेत, एवढंच तो म्हणाला. मी अडीच तासांत रस्त्याने पोचले. तुझं खांद्याजवळचं हाड मोडलेलं, घोटा सुजलेला, कपाळाला टाके. तुला हलताना पाहून मी भिंतीला धरून रडले, ते तू पाहिलंस. जरा वेळाने मालक आले, आणि तू त्यांना सांगत होतास ते मी दारातून ऐकलं. उतरताना इंजिनाने दम सोडला, मी ताकद मागितली ती मिळालीच नाही. मालकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ते गेल्यावर मी तुझ्या खाटेशी बसले आणि विचारलं, "थ्रॉटलचा रॉड सुटला का रे? त्याची पिन मी घातली होती. माझी पिन निघाली का?" तू छताकडे बघत होतास. मग म्हणालास, "माहीत नाही, ताई. असेल." आणि माझ्या हातावर हात ठेवलास. थोपटलंससुद्धा.

ते 'असेल' घेऊन मी सात आठवडे काढले. कसे काढले ते तुला कळावं म्हणून लिहिते, कारण तू विचारलं नाहीस. तो रॉड म्हणजे तुझ्या मुठीतला हुकूम इंजिनापर्यंत पोचवणारी दांडी, तिच्या टोकाला नट, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून जाणारी काडीएवढी पिन. घालायची, दोन्ही पाय वाकवायचे, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. मशीनचा तो भाग इतका चेचला गेला होता की तपासवाल्यांना पिन सापडलीच नाही. मी तसलाच नट आणि पिनांचं पाकीट घरी आणलं, खिडकीच्या कठड्याला छोटा शिकंजा लावला आणि रोज सकाळी डोळे मिटून पिन घालत बसायला लागले. हाताला काही आठवतं का बघायला. सोमवारी ती घालताना कोण काय बोलत होतं, रेडिओवर काय लागलं होतं, मी पाय दोन्ही वाकवले की एकच. कधी सगळं लख्ख आठवायचं, आणि लगेच वाटायचं, ही आठवण मीच तयार केली असेल. शेवटी शेवटी पिन नटाच्या भोकात जाईना, बाजूलाच खरवडत राहायची. आई म्हणाली, चहा कमी कर. तपासाच्या पहिल्या जबाबात मी काय लिहून दिलं माहीत आहे? पिन घातल्याचं मला आठवतं, पण तुटलेल्या मशीनमधल्या माणसापेक्षा मी माझ्या आठवणीवर जास्त भरवसा ठेवू शकत नाही. तो माणूस म्हणजे तू. तुझ्या एका शब्दावर मी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली.

पाचव्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंकडे माफी मागायला गेले. तू अजून गेलेला नाहीस. फुलं आली, माणूस नाही, असं त्या म्हणाल्या, तेही तक्रारीच्या सुरात नाही. त्यांचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलंय. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना टेकत नाहीत. त्या हाताने त्या मोतीबिंदू काढायच्या. माझ्याशी बोलता बोलता त्या दोन बोटं जुळवायचा प्रयत्न करत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि मला तिकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, ते मशीन माझ्या हाताखालून गेलं होतं. मला माफ करा." त्या म्हणाल्या, "कशाबद्दल? इंजिन तर शेवटपर्यंत माझ्या कानाशी ओरडत होतं. अर्थात मी डोळ्यांची डॉक्टर, मला त्यातलं काय कळतं." मला वाटलं, भली बाई आहे, धीर देतेय. निघताना सहज विषय निघाला, की नातीला दाखवायला म्हणून त्या उतरतानाचं फोनवर चित्रण करत होत्या, फोन कुठे गेला कुणास ठाऊक. त्यांच्या सुनेने कपाटातून पिशवी काढली. अपघाताच्या दिवशीचे कपडे इस्पितळाने बांधून दिले होते ते तसेच होते, कुणी गाठ सोडली नव्हती. स्वेटर, एक चप्पल आणि काच फुटलेला फोन. मीच म्हटलं, हा तपासवाल्यांना द्या. मला तेव्हाही वाटत होतं की त्यात माझी चूक दिसेल आणि एकदाचं संपेल.

दोन आठवड्यांनी तपास अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. छोटीशी खोली, लोखंडी कपाटं, टेबलावर फायलींचे ढीग. आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी पंखा बंद केला आणि हेडफोन माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "हे मशीन तुम्ही रोज ऐकत होता. आवाजात काय बदल वाटतो तेवढं सांगा. माणसांकडे लक्ष देऊ नका." माणसांकडे लक्ष देऊ नका म्हणे. त्यात तू होतास. आधी बाई बोलल्या, "ती बघा, पोरं भिंतीवर चढून बसलीत." तू हसलास. "मग आज जरा झोकात उतरू या." बाई म्हणाल्या, "ते शाळेवरचं निशाण आज उलट्या दिशेला फडकतंय का?" म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. तू म्हणालास, "वारा फिरलाय. वळसा घालून यायचं तर पाच मिनिटं जातील. काही होत नाही." मग पात्यांचा आवाज जड झाला, मशीन थरथरायला लागलं, तू 'अरे, अरे' म्हणालास, आणि इंजिन चढत गेलं. चढतच गेलं, पूर्ण ताकदीवर. एक ठोका चुकला नाही. पात्यांचा वेग पडला की वाजतो तो भोंगा वाजलाच नाही. त्यानंतरचा आवाज मी लिहीत नाही. पण त्याच्याही नंतर, धाकट्या, इंजिन चालू होतं. पाती गेली, ओढायला ओझं उरलं नाही, ते मोकाट किंचाळत होतं. चार सेकंद, पाच सेकंद. मग किल्ली फिरल्याचा खटका आणि एकदम शांत. बंद पडलेलं इंजिन कुणी बंद करत नाही. ते तू बंद केलंस, तुझ्या हाताने. आणि त्या शांततेत तुझा आवाज आला, अगदी स्पष्ट, "माझी चूक झाली, डॉक्टर. माझी चूक झाली." मी हेडफोन काढून ठेवला. अधिकाऱ्यांनी विचारलं, "इंजिनाबद्दल काय सांगाल?" मी म्हटलं, "चालू होतं." त्यांनी ते लिहिलं, मी खाली सही केली.

तर तुला ठाऊक होतं. तोवर मी माझी समजूत घालत होते, की पडल्यावर माणूस भांबावतो, त्याला खरंच तसं वाटलं असेल. ती पळवाटही तू ठेवली नाहीस. काय चुकलं ते तुला माझ्याहून चांगलं कळतं. वारा पाठीशी, पुढचा वेग नाही, सरळ खाली. अशा वेळी मशीन स्वतःच्याच पात्यांनी ढकललेल्या हवेत बुडायला लागतं आणि जितकी ताकद द्यावी तितकं जास्त बुडतं. नाक पुढे करून त्यातून निसटायचं असतं. तूच मला जेवणाच्या टेबलावर कागदावर बाण काढून हे शिकवलं होतंस. अशी चूक भल्याभल्या पायलटांच्या हातून झाली आहे. तिचा मला राग नाही, हे मी शांत डोक्याने लिहिते आहे. बाईंच्या हाताचा जाब तुला द्यावा लागेल, तो त्यांच्यापुढे. माझा राग वेगळा आहे. सकाळी, कपाळातून रक्त वाहत असताना, तू खरं बोललास. त्याच दुपारी, टाके घातलेले, अंगावर स्वच्छ चादर, समोर मी, तेव्हा खोटं बोललास. आधी इंजिनावर ढकललंस ते एकवेळ समजले असते, घाबरला होतास. पण मी स्वतःहून मान पुढे केली आणि तू 'नको' म्हणाला नाहीस. 'असेल' म्हणालास. नंतर सात आठवडे रोज सकाळी उठून गप्प राहायचं तुला नव्याने ठरवावं लागलं असणार. एकदा घाबरून बोललास असं मी म्हणेन, पण एकोणपन्नास सकाळी माणूस घाबरलेला नसतो. आणि चित्रण ऐकल्यावर, अधिकाऱ्यांनी कुठे बोलू नका म्हटलं म्हणून आणि तूच बोलशील या आशेने, मी आणखी नऊ आठवडे गप्प राहिले. तुझा फोन वाजला की वाटायचं, आज सांगेल. एकदा तू औषधाच्या चिठ्ठीसाठी फोन केलास. एकदा तुझा निळा शर्ट इथे राहिलाय का ते विचारलंस. मी कपाट बघून, राहिला नाही, असं सांगितलंसुद्धा. आणि आता हा निरोप.

निरोपाचं उत्तर नाही असं आहे. तुझ्या मशीनला माझा हात लागणार नाही. तू मला का बोलावतोस तेही मला कळलंय. पुढच्या महिन्यात पुन्हा उडवायचंय, आणि तुझी छाती धडधडते आहे, आणि माझ्या हातची पिन निघत नाही याची या जगात सगळ्यात पक्की खात्री तुला आहे. तू एकटाच आहेस ज्याला ती खात्री एक दिवसही सोडून गेली नाही. मलाही ती सोडून गेली होती. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा, खरं सांगते, हातातला कप मी भिंतीवर फेकला. आईला सांगितलं, निसटला. ती म्हणाली, "असू दे गं, होतं असं." बघितलंस, पुन्हा माफी.

हे सगळं न लिहिताही माझं चाललं असतं. काल अधिकाऱ्यांचा फोन आला. अहवाल तयार आहे, पंधरा दिवसांनी जाहीर होईल, तुलाही तसं पत्र येईल. त्यात चित्रणातला शब्द न् शब्द छापलाय, आणि देखभालीत काही दोष नव्हता असं सरळ लिहिलंय. म्हणजे मला तुझ्याकडून काही मिळवायचं उरलेलं नाही, सहीसुद्धा नाही. पण आई रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, ओळीखाली बोट धरून, आणि तुझ्याविषयी काही आलं की मोठ्याने वाचते. त्या दिवशी ती मोठ्याने वाचायला लागेल आणि मध्येच तिचं बोट थांबेल. ते मला बघायचं नाही, आणि तिच्यावर ती वेळ यावी असं तुलाही वाटत नसेल, एवढं मी अजून धरून चालते. आज दिवसभर मी विचार केला की आपणच सांगून टाकावं. पण माझ्या तोंडून ऐकलं तर तुला सांभाळण्यासाठी ती मला खोटं पाडेल, किंवा मला खरं मानून तुझ्याशी कायमचा अबोला धरेल. दोन्ही मला नकोत. म्हणून हे पत्र लिहिलं. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. फोन नाही, निरोप नाही, समोर बसून सांग. सुरुवात कशी करायची ते तुझं तू बघ. ती रडेल, तुला बोलेल, मग हळूहळू माझ्याकडे वळून बघेल, आणि त्या बघण्याची धास्ती तुझ्यापेक्षा मला जास्त आहे. मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. पण तुझं सांगून संपेपर्यंत मी उठून जाणार नाही, आणि बसेन ती तुझ्या शेजारी.

अजून तरी तुझीच,
ताई